कुंदूझच्या पायातली दोरी

कोक-बेलच्या वैद्यकीय विद्यालयात कुंदूझला प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या आईने गल्लीभर बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, वाटले. पंधरवड्याने इमानकुल बाइकेंची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा तर बाईने मेंढीच कापली. जरा दम धरायला हवा होता, असं आता वाटतं. पण तेव्हा कोण सांगणार, आणि कोण ऐकणार? बाप डोंगरावर लोकांची मेंढरं राखणारा. गावात सरकारी दवाखान्याची एक खोली, तिला सहा वर्षं कुलूप, कारण फेल्डशर नाही. फेल्डशर म्हणजे डॉक्टर नसलेल्या गावचा डॉक्टर. ते शिकायला पोर निघाली, आणि एक भला माणूस म्हणाला, "फी माझी, वसतिगृह माझं, पुस्तकं माझी." अशा वेळी माणूस मेंढी कापणार नाही तर काय करील!

इमानकुल बाइके, म्हणजे इमानकुलदादा, सिमेंट विकायचे, पत्रे विकायचे, खिळे विकायचे. नदीच्या अलीकडचं कुठलंही छप्पर बघा, त्यांच्याच गोदामातलं. हात सढळ होता, ते नाकारून चालायचं नाही. देतो म्हणाले की देत. फक्त दिलेलं दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. अंधारात दिलेलं दान त्यांच्या मते वाया गेलेलं दान. त्यात पुढल्या वर्षी जिल्ह्याच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणजे उजेड जरा जास्तच लागणार होता.

शिष्यवृत्ती देण्याचा पहिला समारंभ झाला. मखमली जाकीट घालून कुंदूझ व्यासपीठावर उभी राहिली आणि बाइकेंच्या मॅनेजरने लिहून दिलेले आभार तिने न अडखळता म्हटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाइकेंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं भाषण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते नेहमीच हळवे व्हायचे. उतरताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय गोड बोलतेस गं! येत्या गुरुवारी माझ्या मेव्हण्याची साठी आहे. ये."

"गुरुवारी वर्ग असतात, बाइके."

"वर्ग रोज असतात. मेव्हणा साठ वर्षांचा रोज होतो का?"

झालं. तिथून जी रांग लागली ती लागलीच. मेव्हण्याची साठी झाली, धाकट्याची सुंता झाली, नव्या गोदामाचं उद्घाटन झालं, मग त्या गोदामाच्या पहारेकऱ्याच्या मुलीचं लग्न. आमच्याकडे जेवणावळीत आधी वडीलधारे उठून शुभेच्छा बोलतात, मग पाहुणे, मग पोरंसोरं. बाइकेंच्या प्रत्येक पंगतीत शेवटून दुसरा मान कुंदूझचा. तिने उठायचं, 'ज्यांनी माझ्या जीवनात प्रकाश आणला' असं म्हणायचं, आणि बाइकेंनी रुमाल काढायचा. पहारेकऱ्याच्या मुलीच्या लग्नात नवऱ्या मुलाने शेजाऱ्याला विचारलं म्हणे, "ही मुलगी आमच्याकडची की त्यांच्याकडची?"

इकडे शरीरशास्त्राच्या वर्गात कलिचा एजे, म्हणजे कलिचाताई, हजेरी घ्यायच्या. या कलिचा एजे म्हणजे चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज चढवायची कधी गरज न पडलेल्या बाई.

"कुंदूझ?"

"आभार मानायला गेली आहे," मागून कोणीतरी सांगायचं.

"कालही तिकडेच होती ना? इतकं दिलंय तरी काय त्या माणसाने? मूत्रपिंड?"

वर्ग हसायचा. कुंदूझला दुसऱ्या दिवशी कळायचं, आणि तिला हसू यायचं नाही. ती भित्री नव्हती, पण हिशेब तिला स्पष्ट दिसत होता. पंगतीला नाही म्हटलं तर शिष्यवृत्ती जाईल, आणि पंगतीला गेलं तर अभ्यास जाईल. काहीही गेलं तरी गावातल्या त्या कुलपाला गंज चढत राहणार.

या सगळ्यात एकच गोष्ट चांगली होती, आणि ती बाइकेंना ठाऊकही नव्हती. ती म्हणजे केशिक. जेवण झालं की आमच्यात कोणी रिकाम्या हाताने उठत नाही. समोरचं उरलेलं, मटण, बोरसोक, सुका मेवा, सगळं पिशवीत बांधून घरच्यांसाठी न्यायचं, आणि जो नेणार नाही तो गर्विष्ठ ठरतो. बाइकेंच्या घरातल्या बायका मायाळू. हाडकुळी पोर बघून त्या पिशवी अशी गच्च भरायच्या की तिची गाठ बसायची नाही.

ती पिशवी वसतिगृहाच्या नऊ नंबरच्या खोलीत पोचायची, आणि खोलीत पेरिझात वाट बघत बसलेली असायची. पेरिझात म्हणजे कुंदूझची मैत्रीण. डोकं तल्लख, आणि भूक त्याहून तल्लख. तिला कुठली शिष्यवृत्ती नव्हती. महिन्याचा शेवटचा आठवडा ती चहा आणि पावावर काढायची. पहिल्याच पिशवीच्या वेळी तिने सौदा करून टाकला.

"तू मटण आण, मी धडा आणते. पण आधी धडा, मग घास. नाहीतर तू खाऊन झोपशील. तुला ओळखते मी."

"मी तिकडे जेवून आले आहे गं."

"आभार मानता मानता कोणी पोटभर जेवतं होय? बस खाली."

असा नऊ नंबरमध्ये दुसरा वर्ग सुरू झाला. फासळ्या आल्या की फासळ्यांचा धडा. मांडीचं हाड आलं की सांध्याचा. हळूहळू शेजारच्या खोल्यांतल्या मुली चमचे घेऊन यायला लागल्या. एका संध्याकाळी सबीरा एजे दारात उभी राहिली. ही वसतिगृहाची रखवालदारीण. पायात रबरी बूट, कमरेला किल्ल्या, आणि गेली वीस वर्षं कुठल्याही कारणाला 'नाही' हे एकच उत्तर.

"कसला वास येतोय? खोल्यांमध्ये मटण आणायला मनाई आहे, ठाऊक नाही?"

सबीरा एजे पुढे झाली आणि पिशवीत डोकावली.

"कुठला भाग आहे?"

"कलेजी, एजे. आणि शेपटीची चरबी."

"हं." बाईने स्टूल ओढलं. "बघू. जप्त करण्याआधी तपासायला नको का?"

त्या संध्याकाळी पेरिझातने कलेजीचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून कुंदूझच्या नाकासमोर नाचवला.

"यकृतात रक्त येतं ते कुठून?"

"एक... रोहिणीतून."

"आणि?"

"दे ना गं."

"आणि?"

"आणि एक आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून. दोन वाटा. आणि बाहेर जातं ते वरून, यकृताच्या नीलांतून."

"हां, आता खा." पेरिझात सबीरा एजेकडे वळली. "तुम्ही सांगा एजे, पित्त कुठं साठतं?"

"माझ्यात," सबीरा एजे म्हणाली, "तुम्हा पोरींमुळे." आणि तिनेही एक तुकडा उचलला. त्यानंतर तपासणीला ती दर वेळी यायला लागली, येताना स्वयंपाकघरातली सुरी आणि कांदेही आणायची.

वसंतात परीक्षा लागल्या. कलिचा एजेंनी कुंदूझला थांबवून घेतलं. "तुझ्या गैरहजेऱ्या पाहता तुला परीक्षेला बसू देणं हेच मी चुकीचं करते आहे," त्या म्हणाल्या. "तोंडी परीक्षा आहे. बारा वाजता मी दार लावते. त्याच्या आत माझ्यासमोर बसलीस तर ऐकून घेईन. नाही आलीस तर यादीतून नाव जाईल. मग घरी जायचं. फेरपरीक्षा तुला नाही."

"येईन, एजे."

"आभार मानायला कोणी बोलावलं तर?"

"तरी येईन."

आणि आता बघा गंमत. त्याच सुमारास इमानकुल बाइकेंना कल्पना सुचली. ज्यांना कधी काही सुचत नाही त्यांना सुचतं तेव्हा गावाने घरात बसावं.

आमच्यात पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याचा तुशू कापतात. दोन्ही पायांना मिळून काळा-पांढरा दोरा बांधायचा, पोराला उभं करायचं, आणि लांबून मुलांनी धावत यायचं. जो पहिला पोचेल त्याने दोरा कापायचा, बक्षीस घ्यायचं. मग ते पोर जन्मात अडखळत नाही. मोठ्या माणसाला रस्त्यात ठेच लागली तरी लोक विचारतात, "का रे, तुझा तुशू कापला नव्हता का?"

"शिष्यवृत्ती म्हणजे दुसरं काय?" बाइके मॅनेजरला म्हणाले. "गरिबाच्या पोरीच्या पायातला दोरा मी कापला! मग कापताना दिसू दे की! सांस्कृतिक भवनात बांधू, आकीमसाहेबांच्या हाताने कापू."

आकीमसाहेब म्हणजे जिल्ह्याचे मुख्य. मॅनेजरने विचारलं, "आणि धावायला मुलं?"

"धावाधाव कशाला? आकीमसाहेब काय धावत येणार आहेत? कातर मात्र सोनेरी आण."

मॅनेजर कामाचा माणूस. त्याने घरी साधा दोरा पायाला बांधून फोटो काढून पाहिला, तर दोरा दिसेना. म्हणून त्याने युर्ता बांधायची दोरी आणली. तंबूची चौकट वादळात धरून ठेवते ती, बोटाएवढी जाड. अर्धी काळी रंगवली, अर्धी पांढरी. फोटोत झकास दिसली. ती कापायची आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. तो फोटो बघून थांबला.

तारीख ठरली ती नेमकी परीक्षेची. कुंदूझ गोदामात जाऊन बाइकेंसमोर उभी राहिली.

"बाइके, त्या दिवशी माझी परीक्षा आहे. नाही दिली तर नाव कापतील."

"परीक्षा दरवर्षी असते, पोरी. आकीमसाहेब दरवर्षी येतात का?"

"बारापर्यंत पोचावंच लागेल."

"अगं, समोरच तर आहे तुझं विद्यालय! चौक ओलांडला की झालं. दहाला सुरू, साडेदहाला मोकळी. मी तुझ्या आईला आणायला गाडी पाठवली आहे. आता आईला काय सांगू, तुझी मुलगी येत नाही म्हणून?"

कुंदूझ परत आली आणि खाटेवर बसून राहिली. सबीरा एजेने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "भीक नको पण कुत्रं आवर, म्हणायची पाळी आली की गं!"

"कुत्रं आवरलं तर भीकही जाईल, एजे," कुंदूझ म्हणाली. "आणि कुत्रं वाईट नाही. फक्त सोडत नाही."

समारंभाच्या दिवशी सांस्कृतिक भवन गच्च भरलं. पहिल्या रांगेत कुंदूझची आई, डोक्याला पांढरा रुमाल, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कुंदूझला तिच्याकडे बघवेना. व्यासपीठावर चढण्यापूर्वी आईने तिला जवळ ओढलं.

"तुला कधी सांगितलं नाही मी. तुझा तुशू कापलाच नव्हता. तू चाललीस तेव्हा आपण वरच्या कुरणात होतो. दोरा बांधला मी, पण धावायला पोरं कुठली? तुझा बाप मेंढरांमागे, आणि मी एकटी. शेवटी मीच सोडला. एकोणीस वर्षं जिवाला लागून राहिलंय गं. तू पडलीस, तुला ताप आला, दर वेळी वाटायचं, त्या दोऱ्याने. आज देव भला."

आता या बाईला काय सांगायचं? कुंदूझ वर गेली. पायांत युर्ताची दोरी पडली, मॅनेजरने गाठीवर गाठ मारली, आणि वडीलधाऱ्यांनी तळहात उचलून दुवा दिली. "ओमीन," म्हणत सगळ्या सभागृहाने तोंडावरून हात फिरवले. सोनेरी कातर मखमली उशीवर ठेवली होती. आता फक्त आकीमसाहेब यायचे होते.

आकीमसाहेब निघाले होते. पण वाटेत गावं होती, गावांत माणसं होती, आणि आकीमाच्या गाडीला चहा न पाजता सोडणारं गाव आमच्या जिल्ह्यात नाही. साडेदहा झाले. मॅनेजरने ध्वनिवर्धक हातात घेतला आणि वेळ भरून काढायला भाषणं सुरू केली. बाइके बोलले. मेव्हणा बोलला, तो साठ वर्षांचा कसा झाला ते त्याने पुन्हा सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापक बोलले आणि शिक्षणाचं महत्त्व इतकं खोलात सांगितलं की तिसऱ्या रांगेतले दोघे झोपले. दारावरच्या घड्याळात अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

"बाइके," कुंदूझ ओठ न हलवता म्हणाली, "मला जायला हवं."

"उभी राहा गं. आत्ता येतील. शेवटच्या गावात पोचलेत."

"तिथंही चहा असेल."

"मग काय, नको घ्यायला?"

कुंदूझने घड्याळाकडे पाहिलं आणि वाकून गाठीला हात घातला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई ताडकन उठली.

"हात लावू नकोस! आपल्या हाताने सोडलेला दोरा जन्मभर पायात येतो! एकदा मी चुकले, आता तू चुकू नकोस!"

मुख्याध्यापकसुद्धा थांबले. कुंदूझ तशीच वाकलेली. तिला रडू आलं, आणि रडण्याच्या आत राग आला. आईचा नाही, बाइकेंचाही धड नाही, इतक्या सगळ्यांनी मिळून आपलं भलं चालवलंय आणि आपल्याला एक पाऊल टाकता येत नाही, याचा राग. ती सरळ उभी राहिली.

"सोडत नाही, आपा," ती आईला म्हणाली. "पण चालू नकोस असं कुठं कोणी सांगितलंय?"

आणि ती निघाली. चिमणीएवढी पावलं टाकत व्यासपीठाच्या कडेला आली. पायऱ्या होत्या, त्या उतरता येईनात, म्हणून खाली बसली आणि एकेक पायरी घसरत उतरली, मखमली जाकिटासकट. लोकांना वाटलं कार्यक्रमच आहे. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मॅनेजरने क्षणभर आ वासला, पण तो कामाचा माणूस. "आणि आता," तो ओरडला, "आपली कन्या ज्ञानाकडे पहिली पावलं टाकत आहे!" बाइकेंनी सवयीने रुमाल काढला.

कन्या मधल्या वाटेने दाराबाहेर गेली तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की हे ठरलेलं नव्हतं.

चौकात बर्फ वितळून चिखल झालेला. तिरकं जायचं म्हटलं तर हाकेच्या अंतरावर विद्यालय, पण दोरीने बांधलेल्या पायांना ते अंतर काय होतं ते कुंदूझलाच ठाऊक. दोनदा पडली. आई मागून येत होती, वाकलेली, दोन्ही हात पुढे करून. पोर चालायला शिकतं तेव्हा मागून चालतात तशीच. धरत नव्हती, पण हातही मागे घेत नव्हती.

"पड, पण थांबू नकोस," आई म्हणाली. तिला परीक्षेचं आत्ता कळलं होतं, चौकाच्या मध्यावर. "आधी का नाही सांगितलंस गं, मूर्ख पोरी? त्याच्या गाडीवर थुंकले असते मी!"

कलिचा एजेंनी दाराला हात घातला होता तेव्हा कुंदूझ उड्या मारत आत शिरली. चिखल गुडघ्यापर्यंत, केस तोंडावर. एजेंनी घड्याळाकडे पाहिलं, मग खाली तिच्या पायांकडे.

"हे काय आहे?"

"शिष्यवृत्ती, एजे."

एजेंनी चष्मा वर ढकलला. "बस. प्रश्न उचल."

टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडल्या होत्या. पायाचा प्रश्न निघाला असता तर गोष्ट रंगली असती. पण निघालं यकृत. कुंदूझने चिठ्ठी वाचली, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या तिच्या तोंडाला पाणी सुटलं. समोर सुरीच्या टोकावरचा तुकडा दिसायला लागला. तिने जी सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. आकार सांगितला, खंड सांगितले, रक्ताच्या दोन्ही वाटा सांगितल्या, बाहेर जायची वाट सांगितली, पित्ताशय कुठं आणि कसं ते सांगितलं.

"पुरे, पुरे. वर्गात तर तू दिसत नाहीस. हे कुठून शिकलीस?"

"खाल्लंय, एजे."

कलिचा एजेंनी लेखणी उचलून पाचांपैकी 'चार' लिहिले. "पाच दिले असते," त्या म्हणाल्या. "पण पाचासाठी वर्गात यावं लागतं. पास झालीस. जा, ते पायातलं आधी काढ."

"काढता येत नाही, एजे. कोणीतरी धावत यायला हवं."

बाहेर चौकात सगळं सभागृह उतरलं होतं. आकीमसाहेब एकदाचे आले होते, पोट चहाने डबडबलेलं. बाइके मखमली उशी हातात धरून त्यांना वाट करून देत होते. "या साहेब, इथंच कापू. पायऱ्यांवर फोटोही चांगला येईल."

तेव्हा ती पांढऱ्या रुमालाची बाई पायऱ्यांवर आडवी उभी राहिली.

"कोणी हात लावायचा नाही," कुंदूझची आई म्हणाली. आयुष्यात ती मेंढरांखेरीज कोणावर ओरडली नसेल. "धावल्याशिवाय तुशू कापतात का कुठं? तुमच्या पोरांचे असेच कापले होते? ज्याला कापायचाय त्याने धावत यावं!"

"अहो बाई, आकीमसाहेब आहेत हे..."

"मग पाय नाहीत का त्यांना?"

गर्दी हसली. म्हातारे माना हलवायला लागले. "खरं बोलतेय ती," एक जण म्हणाला. "रीत म्हणजे रीत. पळा की साहेब!" आता आली का पंचाईत! निवडणूक तोंडावर, आणि सगळ्या चौकाच्या हातात फोन. आकीमसाहेबांनी बाइकेंकडे पाहिलं, बाइकेंनी मॅनेजरकडे. चौकाच्या पलीकडल्या चिनारांपासून शर्यत ठरली. परीक्षा आटपलेल्या वसतिगृहाच्या मुली पायांतले बूट फेकून रांगेत उभ्या. पेरिझात पहिली. आणि कुणी बोलावलं नसताना सबीरा एजे, रबरी बुटांत, हातात कांद्याची सुरी.

"तुम्ही कुठं, एजे?" मुली ओरडल्या.

"तपासायला!"

निघाले. आकीमसाहेब पाटाच्या पाण्यापर्यंत आले आणि बरगडीला हात लावून थांबले. चहा वाईट. सबीरा एजे अर्ध्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती, यावर अजूनही गावात पैजा लागतात. मग तिचा दम संपला. तिने सुरी पेरिझातच्या हातात कोंबली. "पळ गं, भुकेले! पळ!" आणि पेरिझात अशी पळाली की पायऱ्यांशी येऊन थेट कुंदूझच्या अंगावरच कोसळली.

"मी पहिली!" ती धापा टाकत म्हणाली. "धर पाय नीट. काय बांधलंय हे, घोडा की मुलगी?"

दोरी कापली जाईना. सुरी घासून घासून पेरिझातच्या हाताला फोड आला. तेवढ्यात इमानकुल बाइके धावत पोचले. डोक्यावरची कल्पाक टोपी वाटेत पडलेली, अंगातल्या भरजरी चपानाचा बंद सुटलेला, तोंड बीटासारखं लाल. त्यांनी सोनेरी कातर दोरीला लावली, तर कातरच वाकडी झाली. मग त्या माणसाने ती कातर फेकून दिली, चिखलात गुडघे टेकले, आणि दोरी दोन्ही मुठींत ताणून धरली.

"आता काप," ते पेरिझातला म्हणाले. "माझ्या बोटांची काळजी करू नकोस."

दोरी तुटली. कुंदूझची आई तिथंच पायरीवर बसून मोठ्याने रडायला लागली. बाइकेंनी आयुष्यात ज्या क्षणी खरोखर एखाद्या पोरीच्या पायातला दोरा काढायला हात लावला, त्या क्षणी मॅनेजर मागे पाटापाशी आकीमसाहेबांना पाणी पाजत होता. फोटो काही निघाला नाही.

वर्तमानपत्राला फोटो हवाच होता, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सभागृहात काढला. साहेबांच्या हातात नवी कातर, आणि दोरीतले पाय मॅनेजरच्या बायकोचे. बाइके निवडून आले. शिष्यवृत्ती त्यांनी चालू ठेवली, आणि पंगतींना बोलावणंही चालू ठेवलं, पण परीक्षेच्या महिन्यात नाही. इतका फरक पडला, तो लहान समजू नका.

कुंदूझ आज आपल्या गावची फेल्डशर आहे. खोलीचं कुलूप तिने पहिल्याच दिवशी हातोडीने तोडलं, किल्ली कोणाला सापडली नाही. सुया टोचते, पोटं दाबून बघते, म्हाताऱ्यांना ओरडते. गावात लग्न असो, साठी असो, तिला मानाचं हाड वाढतात. ती चवीपुरतं खाते आणि पिशवी काढते. एक नाही, दोन. सगळी पंगत आता आपापलं थोडं थोडं तिच्या पिशवीत टाकते. नव्या सुना आधी दबकतात, मग त्याही टाकतात. पिशवी गच्च झाली की सकाळी कोक-बेलला जाणाऱ्या गाडीच्या चालकाकडे द्यायची. त्याला पत्ता सांगावा लागत नाही. वसतिगृह, खोली नऊ.

त्या खोलीतल्या मुलींनी कुंदूझला पाहिलेलं नाही. मध्यंतरी एकीने चालकाकडून नंबर मिळवून फोन केला. नवीन पोर असावी, आवाज घाबरलेला.

"एजे, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तुमच्या गावी यायचं. तुमचे आभार मानायला. एक छोटासा कार्यक्रम..."

"खबरदार!" कुंदूझ ओरडली. इतक्या जोरात की तपासून घ्यायला बसलेला म्हातारा दचकला. मग तिने आवाज खाली आणला. "पिशवी उघडलीस का?"

"हो, एजे."

"आज काय आहे?"

"कलेजी आहे."

"मग सांग बघू, यकृतात रक्त कुठून येतं?"

पलीकडून पुस्तकाची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

"दोन्ही वाटा सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही," कुंदूझ म्हणाली, आणि फोन कानाशी धरून वाट बघत राहिली.